धुतलेले शब्द

गिरणाकाठ विद्यापीठात कुणी ‘आज धुणं किती?’ असं विचारलं, तर नवख्या माणसाने वसतिगृहाच्या गच्चीकडे बघू नये. हे धुणं संगणकावर चालायचं. ऑफिस सुटलं की परीक्षा विभागातल्या शैलजा निकम, ग्रंथालयातले थोरात, वीज विभागातले एक-दोघे, असे मोजके कर्मचारी जुन्या झेरॉक्सच्या खोलीत जमायचे. ‘सोबती’ हे त्यांच्या गटाचं नाव. ज्या विद्यार्थ्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्यांना विद्यापीठातलं पडद्यावरचं सगळं वापरता यावं, एवढं त्यांचं काम. ते पगारात धरलेलं नव्हतं आणि वरून कुणी सांगितलेलंही नव्हतं. बदल्यात कॅन्टीनचा चहा मिळायचा, तोही बहुतेक वेळा गार.

यातला मोठा भाग चष्म्याचा होता. कर्णबधिर विद्यार्थ्यांना विद्यापीठाने जे चष्मे दिले, त्यांच्या दांड्यांमध्ये मोहरीएवढे मायक्रोफोन होते. समोर चार माणसं एकदम बोलत असली तरी कुणाचा आवाज कुठल्या मायक्रोफोनला कणभर आधी पोचला, यावरून चष्मा बोलणारा ओळखायचा आणि त्याचं बोलणं अक्षरांत उमटवायचा. अक्षरं काचेवरच असत, पण घालणाऱ्याला ती बोलणाऱ्याच्या हनुवटीखाली तरंगताना दिसत.

सुरुवातीला हे यंत्र फार चुकायचं. ‘परागीभवना’चं तर ते रोज काहीतरी भलतंच करायचं. म्हणून संगणक केंद्रातल्या नदीम तांबोळीने एक व्यवस्था लावली. तासाचं रेकॉर्डिंग आणि यंत्राने केलेला मजकूर सोबतींकडे यायचा. ते रेकॉर्डिंग ऐकून मजकूर दुरुस्त करायचे, यालाच धुणं म्हणायचे. यंत्र आपला मजकूर आणि त्यांचा मजकूर शेजारी ठेवून दोन्हींतल्या फरकावरून शिकायचं. चार वर्षांत ते इतकं शिकलं की पाहुणे येऊन तोंडात बोटं घालायचे. पुढच्या महिन्यात हेच चष्मे राज्यभर जायचे होते आणि कुलगुरूंनी उद्घाटनाची तारीखही ठरवून टाकली होती.

शैलजाबाईंनी सगळ्यांत जास्त धुणं धुतलं होतं. टायपिंगचा हात वाऱ्यासारखा, आणि स्वभाव असा की गप्प बसवायचं नाही. समोर कुणी नसलं तरी त्या पुटपुटत असायच्या. प्रिंटरला दटावायच्या, फायलींना टोमणे मारायच्या, साहेबांची पाठ वळली की साहेबांनाही. त्यांच्या टेबलाशेजारी बसणाऱ्यांना या पुटपुटण्याची आकाशवाणीसारखी सवय झाली होती.

एकदा काय झालं, एक प्राध्यापक वर्गावर खेकसले, ‘बहिरे आहात का सगळे?’ त्या वर्गात एक मुलगी खरोखरच बहिरी होती. शैलजाबाईंनी ते वाक्य उडवून टाकलं. कुणीही उडवलं असतं. मग मागच्या बाकांवरची कुजबुज उडाली, कुणाची कुचेष्टा उडाली, कुणाचा वैताग उडाला. वाक्य उडवलं की मजकुरात भोक दिसायचं, म्हणून त्यांनी एक ठिगळ शोधून काढलं. ‘तरी तुमची मेहनत दिसते.’ थोरातांना ते फार आवडलं आणि मग सगळेच वापरू लागले. पोरं एवढ्या अडचणींतून शिकतात, त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला, यावर खोलीत कुणाचंच दुमत नव्हतं.

*

सोमवारी शैलजाबाई प्राणिशास्त्र विभागात डॉ. विश्राम आहेरांकडे गेल्या. गुरुवारी मृण्मयी बागूलचं पीएच.डी.चं प्री-सबमिशन होतं, म्हणजे प्रबंध छापण्याआधी समितीसमोर मांडायचा. त्याच्या हॉलची परवानगी त्यांना द्यायची होती.

मृण्मयी ही सोबतींची लाडकी. दुसरीत असताना मेंदूज्वरात तिचे कान गेले, पण बोलणं राहिलं. आवाज थोडा सपाट आणि गरजेपेक्षा मोठा. तिचा विषय कांद्याचे डेंगळे, म्हणजे बियांसाठी राखलेल्या कांद्याला येणारे पांढऱ्या फुलांचे गोंडे, आणि त्यांवर येणाऱ्या मधमाश्या. माश्या आल्या तर बी धरतं, नाही तर नुसतेच गोंडे वाळतात. बियाणं केंद्रात तिची निवड झाली होती. प्रबंध यंदा दाखल झाला की नोकरी पक्की.

दार अर्धवट उघडं होतं आणि आतून आहेर सरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता.

“दोन हंगाम ओरडून सांगतोय! दुपारची निरीक्षणं कुठायत? सकाळच्या माश्या मोजतेस आणि निष्कर्ष दिवसभराचा काढतेस? याला थिसिस नाही, रद्दी म्हणतात, रद्दी! गुरुवारी स्वतः तोंडावर पडशील आणि माझंही नाक कापशील.”

शैलजाबाई दारातच थांबल्या. त्यांना वाटलं, पोर आता रडत बाहेर येणार.

पोर हसत होती. “हो सर. थँक यू सर,” ती म्हणाली आणि वही छातीशी धरून बाहेर आली. मागे आहेर सरांनी टेबलावर हात आपटला, पण तो आवाज काही अक्षरांत येत नाही.

“काय म्हणाले गं सर?” शैलजाबाईंनी विचारलं.

“काही नाही शैलाताई. सर चांगलंच बोलतात नेहमी. त्यांचा चेहराच तसा आहे, त्याकडे बघायचं नाही.” तिने हौसेने फोन पुढे केला. चष्म्यावर आलेलं बोलणं फोनवरही उमटायचं.

शैलजाबाईंनी वाचलं. ‘दुपारची निरीक्षणंही असती तर काम आणखी उठून दिसलं असतं. गुरुवारी समितीसमोर नीट मांड. तरी तुझी मेहनत दिसते.’

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. ते आहेर सरांचं नव्हतं. आहेर सरांनी असलं वाक्य उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नसेल. ते ठिगळ त्यांच्या स्वतःच्या हातचं होतं.

“चला, मला स्लाइड्स करायच्यात,” मृण्मयी म्हणाली. “आणि तुम्ही अशा गप्प का? तशा तुम्ही गप्पच असता म्हणा. तुमच्याजवळ बसलं की कसं शांत वाटतं.”

*

“फरक,” नदीम शैलजाबाईंना म्हणाला. त्याने तोच संवाद आपल्या यंत्रावर पुन्हापुन्हा चालवून पाहिला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. “मॅडम, आपण त्याला फरक दाखवत होतो. त्याचा मजकूर आणि तुमचा मजकूर. ‘परागीभवन’ दुरुस्त केलं, तो एक फरक. शिवी काढली, तोही एक फरक. दुरुस्ती कोणती आणि माया कोणती, हे त्याला कोण सांगणार? आवाजात राग आला की शब्द बदलायचे, हळू आवाज आला की गाळायचा, मध्ये भोक पडलं की ठिगळ लावायचं, असं ते शिकलं. आणि आता फक्त वर्गात नाही, सगळीकडे करतंय.”

“मग ते तेवढं बंद कर ना.”

“ऐकणं आणि धुणं आता वेगळं राहिलेलंच नाही. कणकेत मीठ मळून झाल्यावर ते परत काढून द्या म्हणण्यासारखं आहे ते. सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून, काढलेलं सगळं परत घालून नव्याने शिकवावं लागेल. महिने जातील. पहिली आवृत्ती आहे माझ्याकडे, कुणाचा हात न लागलेली. पण ती निम्मं चुकते. समितीपुढे काय कामाची?” तो थांबला. “मॅडम, एवढ्यात कुणाला बोलू नका. उद्घाटन तोंडावर आलंय.”

शैलजाबाईंचं त्या दिवशी कशात म्हणून लक्ष लागेना. बसमध्ये उतरायचा थांबा मागे गेला. घरी भाजीत दोनदा तिखट पडलं. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसल्या, आणि खेकसल्यावर मनात आलं, हे यंत्राने कसं लिहिलं असतं? मृण्मयीला सांगितलं तर तिची दोन वर्षं तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं होणार. नाही सांगितलं, तर गुरुवारी परीक्षक तिला फाडून खातील आणि ती हसून थँक यू म्हणेल. ते हसू त्यांच्या डोळ्यांसमोरून जाईना.

मंगळवारी त्यांनी तिला झेरॉक्सच्या खोलीत बोलावलं.

“मृण्मयी, आमच्या हातून तुझं फार मोठं नुकसान झालंय.”

मृण्मयीने हनुवटीखाली वाचलं आणि हसली. “काहीतरीच काय. गैरसोय कसली त्यात?”

शैलजाबाईंनी तिचा फोन पाहिला. ‘आमच्याकडून थोडी गैरसोय झाली असेल. तरी तुझी मेहनत दिसते.’ त्यांना एकदम हसू आलं आणि रडूही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, चिडून, आणि जितक्या चिडल्या तितकं काचेवर ते गोड होत गेलं.

शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने तिचा चष्मा काढला आणि उत्तरपत्रिकेच्या एका कोऱ्या पुरवणीवर सगळं लिहिलं. सोमवारी आहेर सर काय बोलले ते शब्दन् शब्द लिहिलं. धुणं, ठिगळ, सगळंच लिहिलं.

मृण्मयी वाचत राहिली. वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

“म्हणजे दोन वर्षं मी तुमचंच बोलणं वाचत होते? सगळ्यांच्या तोंडून?”

शैलजाबाईंनी मान डोलावली.

“घरी वहिनी माझ्याशी किती गोड बोलते. चष्मा आल्यापासून घरात कुणी रागावतच नाही म्हणून मी मैत्रिणींना सांगत फिरते. तेही?”

शैलजाबाईंनी लिहिलं, ‘ते मला माहीत नाही.’

“आधी मी ओठ बघायचे लोकांचे. चेहरे बघायचे. चष्मा आल्यावर सोडून दिलं. कंटाळाच यायचा त्याचा.” तिचा आवाज फार चढला होता, बाहेर व्हरांड्यात दोघे थांबून बघू लागले. “मला लागेल म्हणून? मला लागायला नको, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

मृण्मयी पुरवणीची घडी घालून निघून गेली. चष्मा टेबलावरच राहिला.

*

ती गेली ती थेट आहेर सरांकडे. त्यांच्यासमोर तिने वही ठेवली आणि म्हणाली, “सर, मला आजवर काय काय बोललात ते सगळं लिहा.” आहेर सर आधी संतापले, मग पुरवणी वाचून खुर्चीत टेकले. दुसऱ्या दिवशी ते परीक्षा विभागात स्वतः आले. असं ते कधी येत नसत.

“मला वाटायचं पोरगी निगरगट्ट आहे,” ते शैलजाबाईंना म्हणाले. “बोलेन तेवढी हसायची. मग मी आणखी बोलायचो.” त्यांनी आपला वाचायचा चष्मा काढून पुसला. “मी नुसतं लिहून दिलं असतं तर तिने दुपारीही माश्या मोजल्या असत्या हो. आता हंगामच गेला.”

त्यांच्या मागोमाग मृण्मयी आली. एका दिवसात ती वाळल्यासारखी दिसत होती. ती शैलजाबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाली, “उद्या तुम्ही टाइप करायचं. हाताने. नदीमसर ते तसंच्या तसं चष्म्यावर पाठवतील. एक शब्द गाळायचा नाही.”

“मीच?” शैलजाबाईंनी स्वतःकडे बोट दाखवलं.

“काय काय गाळलं जातं ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?”

*

गुरुवारी हॉलमध्ये समितीचे चौघे होते. बाहेरून आलेले परीक्षक डॉ. कुलथे, गोरेपान, मृदू, कपाळावर हलकीशी आठी. शैलजाबाई लॅपटॉप घेऊन बाजूच्या टेबलाशी बसल्या.

मृण्मयीने मांडणी केली. डेंगळ्यांची चित्रं आली, सकाळच्या माश्यांचे तक्ते आले. तिने आपणहून सांगितलं, “हे फक्त सकाळचं आहे. दुपारबद्दल माझ्याकडे काही नाही.”

समितीतल्या एका बाईंनी तिला धारेवर धरलं. दुपारी परागकण सुटत असताना कोणत्या माश्या येतात ते ठाऊक नसताना बीधारणेचं गणित मांडलंच कसं? हा निष्काळजीपणा आहे की आळस? शैलजाबाईंनी ‘आळस’ टाइप केलं. मृण्मयीचा चेहरा लाल झाला, पण ती वाचून उत्तर देत राहिली. काही उत्तरं बरी होती, काही फारच लंगडी. तरी प्रत्येक प्रश्नावर तिने प्रश्नाचंच उत्तर दिलं, आणि ते शैलजाबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंचे प्रश्न संपले. डॉ. कुलथे समितीच्या अध्यक्षांकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, “अशा मुलांच्या बाबतीत जरा सांभाळूनच घ्यावं लागतं. एवढं काटेकोर कशाला? देऊ पास करून. नोकरीपण लागतेय म्हणतात बिचारीला.”

अध्यक्षांनी मान डोलावली. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. आहेर सर खाली बघत होते.

शैलजाबाईंची बोटं थांबली.

हे बोलणं हळू होतं. यंत्राने ते गाळलंच असतं. त्याही गप्प राहिल्या तर पाच मिनिटांत मृण्मयी पास होऊन बाहेर पडणार, पेढे वाटणार, बियाणं केंद्रात रुजू होणार. वाईट काय होतं त्यात? कुणी शिवी दिली नव्हती, कुणी चिडलं नव्हतं. उलट प्रेमानेच बोलले होते, आणि शैलजाबाईंना ते प्रेम चांगलं ओळखीचं होतं. स्वतःचाच आवाज ऐकावा तसं त्यांना वाटलं.

मृण्मयी त्यांच्याकडे बघत होती. तिने डॉ. कुलथेंचे ओठ हललेले पाहिले होते आणि काचेवर काहीच आलं नव्हतं.

शैलजाबाईंनी टाइप केलं. ‘अशा मुलांच्या बाबतीत’पासून ‘बिचारीला’पर्यंत, सगळं.

मृण्मयीने वाचलं. मग ती डॉ. कुलथेंकडे वळली. तिचा तो मोठा, सपाट आवाज हॉलभर घुमला.

“सर, मला असं पास करू नका. माझे निष्कर्ष अपुरे आहेत, ते मॅडमनी आत्ताच दाखवून दिलं. मला एक हंगाम हवाय. दुपारी माश्या मोजून येते आणि मग तुम्हाला वाटेल तेवढं बोला.”

डॉ. कुलथे गोरेमोरे झाले. “पण नोकरी…” अध्यक्ष म्हणाले. शैलजाबाईंनी तेही टाइप केलं.

“ती जाईल, सर,” मृण्मयी म्हणाली, आणि इथे मात्र तिचा आवाज फाटला.

समितीने एका हंगामाची मुदत दिली. बियाणं केंद्राने जागा दुसऱ्याला दिली. मृण्मयी शैलजाबाईंकडे न बघता हॉलमधून निघून गेली.

*

नंतर बरंच काय काय झालं. नदीमने हिंमत करून कुलगुरूंना सगळं सांगितलं, त्यांचा पारा चढला, उद्घाटन ‘तांत्रिक कारणाने’ पुढे गेलं. झेरॉक्सच्या खोलीत उलटं धुणं सुरू झालं. सोबती जुनी रेकॉर्डिंगं ऐकत आणि काढलेलं परत घालत बसले. एकेका प्राध्यापकाचा खवचटपणा टाइप करताना थोरातांना घाम फुटायचा. “काय माणसं आहेत हो आपल्याकडे,” ते म्हणायचे. जे विद्यार्थी चष्मा वापरत होते, त्यांना बोलावून सगळं लिहून सांगितलं. दोघांनी चष्मे परत केले. एकाने विचारलं, जुनंच ठेवता येईल का? त्याला कुणी हसलं नाही.

मृण्मयी उन्हाळाभर, पावसाळाभर आली नाही. शैलजाबाई तिला मेसेज लिहायच्या आणि खोडायच्या. माफी मागितली तरी ती ठिगळासारखीच वाटायची. डेंगळे फुलायची वेळ झाली तेव्हा एकदा त्यांनीच थोडक्यात लिहिलं, ‘दुपारी मोजायला दुसरं माणूस लागेल का?’ बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘टोपी आणा. ऊन फार असतं.’

शेत टेकडीच्या कुशीला होतं. कमरेएवढे डेंगळे, वर पांढरे गोंडे, आणि त्यांवर माश्यांचा असा गुंजारव की शैलजाबाईंना आपलं पुटपुटणंही नीट ऐकू येईना. मृण्मयी मोजणीसाठी आखलेल्या एका चौकोनात उकिडवी बसून मोजत होती. नाकावर चष्मा होता. नदीमने त्यात ती पहिली, कुणाचा हात न लागलेली आवृत्ती घालून दिली होती. ती निम्मं चुकते म्हणून ती पुन्हा माणसांच्या तोंडाकडेही बघायला लागली होती. वहिनीशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं म्हणाली. त्यानंतर वहिनीने एकदा डोक्याला तेल लावून दिलं, असंही म्हणाली.

दोघींमध्ये कामापुरतं बोलणं चाललं होतं. मृण्मयीसाठी आणलेली दुसरी टोपी शैलजाबाईंच्या पिशवीतच होती, कारण तिने ती घ्यायला नकार दिला होता. घातली की गोंडा नीट दिसत नाही म्हणे.

शैलजाबाई शेजारच्या चौकोनात वाकल्या आणि सवयीने तोंड सुरू झालं. “ऊन बघा कसलं, डोकं तापलंय नुसतं. आणि ही बया, टोपी म्हणून घालायची नाही. हट्टी तर इतकी, कुणाचं ऐकेल तर शपथ. उद्या घेरी येऊन पडली म्हणजे उचलायची कुणी? मीच. माझी कंबर कुणी बघितलीय?”

शेजारचं मोजणं थांबलं. मृण्मयी वर बघत होती.

“शैलाताई, तुम्ही बोलताय?”

शैलजाबाई दचकल्या. “मी कुठे… असंच आपलं.”

“‘हट्टी’ आलं. ‘बया’ आलं. ‘घेरी’ आलं. शेवटी भलतंच काहीतरी आलंय.” ती त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. “तुम्ही नेहमी असं बोलत असता?”

“जन्मापासून.”

“मला वाटायचं तुम्ही अबोल आहात. दोन वर्षं मी तुमच्याजवळ शांत वाटतं म्हणून येऊन बसायचे.”

शैलजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या काही सावरून, गोड असं सांगायला गेल्या आणि शब्द ओठांवरच थांबले. मृण्मयीने टोपीसाठी हात पुढे केला. शैलजाबाईंनी पिशवीतून टोपी काढून दिली. तिने ती घातली, कपाळावर नीट ओढली, आणि पुन्हा गोंड्याकडे वळण्याआधी चष्मा सारखा केला.

“बोला आता,” ती म्हणाली. “वाचतेय मी.”